लिमात खास दिवसाचं जेवण: टेबल कुठे, कधी आणि कसं धरावं

पेरूची राजधानी असलेल्या लिमात नोकरीनिमित्त किंवा शिकायला आलेल्या माणसापुढे हा प्रश्न लवकरच येऊन उभा राहतो. लग्नाचा वाढदिवस असतो, भारतातून आई-बाबा आलेले असतात, नाहीतर प्रोजेक्ट मार्गी लागला म्हणून ऑफिसातल्या मंडळींना जेवायला न्यायचं असतं. मग फोनवर जगातल्या उत्तम रेस्टॉरंट्सची यादी उघडायची, तिच्यात लिमाची नावं शोधायची आणि सगळ्यात वरचं नाव पकडून त्याच्या मागे लागायचं, असं होतं. गाडं इथेच रुळावरून घसरतं.

यादी खोटी आहे असं नाही. बारांको भागातलं 'सेंत्राल' २०२३ साली जगात पहिलं आलं, मिराफ्लोरेसमधलं 'माईदो' २०२५ साली. एकाच शहरातली दोन रेस्टॉरंट्स इतक्या कमी अंतराने पहिली येणं ही लिमाची खरी ऐट आहे. पण जी जागा खाद्यवेड्या जोडप्यासाठी स्वर्ग, तीच सत्तरीतल्या आईसाठी तीन तासांची शिक्षा ठरू शकते. म्हणून सुरुवात यादीपासून नको, पाहुण्यापासून करा.

पहिली पायरी: कोणाला नेताय, आणि ते किती वेळ बसू शकतील?

लिमातल्या चांगल्या जागा ढोबळमानाने तीन प्रकारच्या आहेत.

पहिला प्रकार 'मेनू देगुस्तासिओन'चा. इथे तुम्ही काही मागवायचं नाही. शेफने ठरवलेले दहा-बारा किंवा त्याहून जास्त छोटे छोटे पदार्थ एकामागून एक येत राहतात. जेवण सहज तीन तास चालतं. सेंत्राल आणि माईदो यांची ख्याती याच पद्धतीवर उभी आहे.

दुसरा प्रकार 'आ ला कार्ता', म्हणजे आपल्या सवयीचा: मेनूकार्ड बघा, हवं ते मागवा, दीड-दोन तासांत उठा. उत्तम शेफची कितीतरी रेस्टॉरंट्स अशी चालतात, आणि काही ठिकाणी दोन्ही सोयी असतात.

तिसरा प्रकार सेविचेरिया (सेविचे म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा, तो मिळण्याची जागा) आणि तावेर्ना, म्हणजे घरगुती खानावळ. टेबलावर पांढरं कापड नसेल, आवाज भरपूर असेल, पण जेवण पहिल्या प्रतीचं. लिमाची माणसं स्वतःचे घरगुती आनंद बऱ्याचदा इथेच साजरे करतात.

आता पाहुणे यात बसवून बघा. बारा वर्षांखालची मुलं, फार वेळ बसता न येणारे ज्येष्ठ, किंवा 'हे काय आणून ठेवलंय?' असं दर पाच मिनिटांनी विचारणारे काका असतील तर पहिला प्रकार सोडून द्या. सेंत्रालमध्ये काही वर्षं पिरान्या माशाच्या कातडीचे कुरकुरीत तुकडे खऱ्याखुऱ्या पिरान्याच्या डोक्यांमध्ये खोचून यायचे, सगळे दात दिसतील असे. ज्याला ही गंमत वाटते त्याला तो पदार्थ आयुष्यभर आठवेल. पण समोर पहिल्यांदाच परदेशात आलेली सासू बसली असेल, तर आठवण वेगळ्या कारणाने राहील.

दुसरी पायरी: दुपार धरा

नव्या माणसाच्या हे चटकन लक्षात येत नाही. खास जेवण म्हटलं की आपण रात्रीचं टेबल शोधतो. लिमात मात्र मोठं जेवण दुपारचं. सेविचे तर दुपारीच खायचं, हा इथला जवळजवळ शास्त्रार्थ आहे: मासा पहाटे बाजारात येतो, दुपारी लिंबाच्या रसात पडतो, संध्याकाळपर्यंत वाट बघत नाही. त्यामुळे नावाजलेल्या सेविचेरिया चार-पाच वाजता दार लावून घेतात. पेरूचे नामवंत शेफ गास्तोन आकुरियो यांची 'ला मार' ही अशीच दुपारची जागा. रात्री आठला तिथे वाढदिवसाची मिरवणूक घेऊन गेलात तर कुलूप बघून परत याल.

दुपारचे इतरही फायदे आहेत. टेबल तुलनेने सहज मिळतं. रात्रीचा वाहतुकीचा चिखल टळतो. लिमात पाच ते आठ या वेळेत चार किलोमीटरचं अंतरसुद्धा पाऊण तास खाऊ शकतं. आणि जेवण लांबलं तरी कोणी पेंगत नाही. सव्वा-दीडचं टेबल घ्या. बाराला गेलात तर रिकाम्या हॉलमध्ये तुम्हीच.

रात्रच हवी असेल तर इथली माणसं आठ-साडेआठच्या पुढे जेवतात हे धरून चाला. रविवारची संध्याकाळ आणि सोमवार मात्र आधी तपासून घ्या, बऱ्याच चांगल्या जागा तेव्हा बंद असतात.

समुद्रावरचा सूर्यास्त दाखवायचा असेल तर ऋतूचा विचार करा. लिमाचं ऊन डिसेंबर ते मार्च-एप्रिल एवढंच. तेव्हा सूर्य साडेसहाच्या सुमारास पॅसिफिकमध्ये बुडतो, आणि मिराफ्लोरेसच्या धक्क्यावर पाण्यात पाय रोवून उभ्या असलेल्या 'ला रोसा नाउतिका'त बसून तो बघणं खरंच सुंदर असतं. जून ते सप्टेंबर आकाशाला राखाडी झाकण लागलेलं असतं, बारीक भुरभुर चालू असते, आणि खिडकीजवळच्या टेबलासाठी केलेली सगळी खटपट धुक्यात जाते. त्या दिवसांत समुद्र विसरा.

तिसरी पायरी: प्रसंगाप्रमाणे जागा

दोघांचाच प्रसंग, दोघंही खाण्यात रस घेणारे, आणि एका जेवणावर मोठी रक्कम घालायची तयारी: तर सेंत्राल किंवा माईदो. दोन्हीकडे माणशी हजार सोल किंवा त्यापुढचा हिशोब धरा. सोल हे इथलं चलन, एक सोल म्हणजे साधारण पंचवीस रुपये किंवा थोडे जास्त, तेव्हा आकडा आधीच डोक्यात करून ठेवा. जेवताना करू नये.

दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. सेंत्रालचे शेफ विर्खिलियो मार्तिनेस जेवणाची मांडणी उंचीवरून करतात. एक ताट समुद्राच्या पोटातलं, पुढचं किनाऱ्यावरचं, मग अमेझॉनच्या जंगलातलं, मग चार हजार मीटरवरच्या अँडीजमधलं. प्रत्येक पदार्थात त्या उंचीवर एकत्र सापडणाऱ्याच गोष्टी. उंचावरच्या तळ्यांतले शेवाळाचे हिरवे मणी, खाण्याजोगी चिकणमाती, कधी न पाहिलेले कंद असं काहीही समोर येतं. डोक्याला खाद्य भरपूर. ज्याला जेवणाबरोबर गोष्ट ऐकायला आवडते त्याने इथे जावं.

माईदो जिभेकडे जास्त झुकतं. दारातून आत आलात की सगळे कर्मचारी एका सुरात 'माईदो!' म्हणून हाक देतात. पहिल्यांदा माणूस दचकतो. इथलं जेवण निक्केई परंपरेतलं. १८९९ साली जपानी मजुरांचं पहिलं जहाज पेरूला लागलं. उसाच्या शेतांवर आलेल्या त्या माणसांच्या नातवंडा-पतवंडांनी पेरूचा मासा, लिंबू, मिरची यांच्याशी जपानी हात जुळवून ही पाककला घडवली. शेफ मित्सुहारु त्सुमुरा त्याच समाजातले. मासे आवडणाऱ्या माणसाला, त्यातही मालवणी किंवा गोव्याच्या जिभेला, दोघांपैकी एक निवडायचं असेल तर मी डोळे झाकून माईदो सांगेन.

प्रसंग तितकाच मोठा, पण तीन-चार तासांची बैठक नको असेल तर सेंत्रालच्याच आवारात 'कोये' आहे. ते पिया लेओन चालवतात. २०२१ साली त्यांना जगातल्या सर्वोत्तम महिला शेफचा सन्मान मिळाला. रंगांची जाण विलक्षण. बारांकोतलंच 'मेरितो' हे व्हेनेझुएलाहून आलेले शेफ हुआन लुइस मार्तिनेस यांचं. जागा छोटी आणि गजबजलेली आहे. तरुण जोडप्यांना माझी पहिली शिफारस हीच असते.

आई-बाबा, सासू-सासरे, मुलं असा गोतावळा असेल तर सान इसिद्रोमधल्या जुन्या हवेलीतलं 'आस्त्रिद इ गास्तोन'. गास्तोन आकुरियो आणि आस्त्रिद गुचे या जोडप्याने ते १९९४ साली मिराफ्लोरेसमध्ये सुरू केलं आणि २०१४ साली या वाड्यात आणलं. पेरूच्या स्वयंपाकाला साहेबी टेबलावर बसवण्याचं श्रेय ज्यांना जातं त्यांचं हे मूळ पीठ. अंगण आहे, मोकळी हवा आहे, फोटो छान येतात. ज्येष्ठांना जेवणाइतकाच वाडा आवडतो.

परदेशी पाहुण्यांना किंवा ऑफिसच्या साहेबांना न्यायचं असेल, आणि जागेनेच अर्धं काम करावं असं वाटत असेल, तर वाका पुक्यानाच्या आवारातलं रेस्टॉरंट. समोर मातीच्या विटांचा दीड हजार वर्षांपूर्वीचा पिरॅमिड, इंकांच्याही आधीचा, रात्री दिवे लावून उजळलेला. शहराच्या मधोमध हे असं काही असेल यावर नवखा माणूस विश्वास ठेवत नाही. स्पष्ट बोलायचं तर जेवण वरच्या नावांइतकं थोर नाही. लोक दृश्यासाठी येतात, आणि दृश्य पैसे वसूल करून देतं. टेबल धरताना व्हरांड्यातलं मागा. आत बसलात तर सगळंच फुकट.

आणि दहा-बारा जणांचा गोंगाट करायचा असेल तर बारांकोतली 'इसोलिना'. जुन्या लिमाचं घरगुती जेवण इथे थाळे भरून येतं. एक पदार्थ दोघा-तिघांना पुरतो, वेटर स्वतःच सांगतो की 'एवढं मागवू नका'. ते ऐका.

चौथी पायरी: टेबल धरणं

सेंत्राल आणि माईदोसाठी तारीख ठरली की त्याच दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर जा. महिना-दोन महिने आधीही उशीर झालेला असू शकतो. आगाऊ पैसे किंवा कार्डाचा तपशील मागतात, आणि रद्द करण्याची मुदत ठरलेली असते. ती अट वाचा. पाहुण्यांचं विमान पक्कं नसेल तर तिथे पैसे अडकवू नका. टेबल मिळालं नाहीच, तर प्रतीक्षायादीत नाव घाला आणि दुपारच्या वेळा तपासा. ऐन वेळची रद्दबाजी दुपारच्याच वाट्याला जास्त येते असा माझा अनुभव आहे. इतर ठिकाणी एक-दोन आठवडे पुरतात, आणि बऱ्याच जागा व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर देतात. स्पॅनिश कच्चं असलेल्याला फोनपेक्षा ते फार बरं, शिवाय लेखी राहतं.

काही तारखा मुळातच अवघड. मे महिन्याचा दुसरा रविवार, म्हणजे इथला मातृदिन, हा लिमातल्या हॉटेलांचा सर्वांत मोठा दिवस असावा; अख्खं शहर आईला घेऊन बाहेर पडतं. १४ फेब्रुवारी, २८ जूनचा सेविचे दिवस आणि २८-२९ जुलैचे स्वातंत्र्योत्सवाचे दिवस तसेच. तुमचा वाढदिवस नेमका यात आला तर आदल्या आठवड्यात साजरा करा, कोणी रागावणार नाही.

टेबल धरताना प्रसंग सांगाच. वाढदिवस म्हणजे 'कुम्प्लेआन्योस', लग्नाचा वाढदिवस म्हणजे 'आनिवेर्सारियो'. बहुतेक जागी शेवटच्या गोडावर मेणबत्ती येते. स्वतःचा केक न्यायचा असेल तर आधी परवानगी घ्या, काही ठिकाणी त्याचे पैसे लावतात. गाणं दोनदा होतं हेही लक्षात असू द्या: आधी इंग्रजीत, मग स्पॅनिशमध्ये. पहिलं संपताच मेणबत्ती विझवायला वाकलेला पाहुणा नवखा म्हणून लगेच ओळखू येतो.

वेळ पाळा. 'होरा पेरुआना' म्हणजे पेरूची वेळ, हा इथला घरगुती विनोद आहे. घरच्या पार्टीला तासभर उशीर खपतो. रेस्टॉरंटचं टेबल मात्र साधारण पंधरा मिनिटंच थांबतं.

पाचवी पायरी: शाकाहाराचा प्रश्न, टेबल धरतानाच

ज्यांच्या घरी कोणीच शाकाहारी नाही त्यांनी हा भाग सोडून पुढे गेलं तरी चालेल. बाकीच्यांनी नीट वाचा, कारण खास जेवणाचा विचका होतो तो इथेच.

'सोय वेखेतारियानो', म्हणजे 'मी शाकाहारी आहे', एवढं म्हणून भागत नाही. इथे 'कार्ने' (मांस) म्हटलं की बऱ्याच लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त बीफ येतं. 'सिन कार्ने', म्हणजे बिनमांसाचा, म्हणून मागवलेल्या भातात कोंबडी निघाली तर वेटरच्या लेखी त्याने काहीच चूक केलेली नसते. म्हणून एकेक वस्तू नावाने वगळा. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा किंवा पाठ करून म्हणा: 'नो कोमे कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी मारिस्कोस.' म्हणजे मटण-बीफ, कोंबडी, मासे, कोळंबी-शिंपल्या काही नाही. अंडं चालत नसेल तर 'नी वेवो' जोडा. आणि 'काल्दो' कशाचा आहे ते विचारा; सूप आणि रश्शांना कोंबडीचा किंवा माशांचा अर्क असतो. डाळीसारख्या दिसणाऱ्या घेवड्यातही डुकराची चरबी असू शकते.

देगुस्तासिओनच्या जागांना हे आधी कळवलं तर त्या शाकाहाऱ्यासाठी वेगळी मांडणी करण्याचा प्रयत्न करतात, आणि ती बऱ्याचदा उत्तम असते. पेरूसारखा भाजीपाल्याचा खजिना फार कमी देशांकडे आहे. नुसत्या बटाट्याचेच हजारो देशी वाण अँडीजमध्ये पिकतात. पण टेबलावर बसल्यावर सांगितलंत तर हातात सॅलड येईल, आणि बिल पूर्ण येईल.

कार्तावरून मागवताना भरवशाच्या काही गोष्टी: 'पापा आ ला वांकाईना', म्हणजे उकडलेल्या बटाट्यावर चीज आणि पिवळ्या मिरचीचा दाट रस्सा (वर बहुधा उकडलेलं अंडं असतं, ते काढायला सांगा). 'सोल्तेरितो', आरेकिपाकडचं घेवड्याचे दाणे, मका, चीज आणि ऑलिव्हचं सॅलड. 'काउसा' हा थंड पदार्थ तर आपल्या माणसांना फार जवळचा वाटतो: पिवळ्या बटाट्याचा लिंबू-मिरची घातलेला मऊ लगदा, वड्याच्या सारणाचा चुलतभाऊच म्हणा. मात्र त्याच्या पोटात ट्यूना किंवा कोंबडी भरतात, तेव्हा 'दे वेर्दुरास', भाजीची, मिळेल का विचारा.

बीफ न खाणाऱ्यांनी दोन नावं लक्षात ठेवावीत. 'लोमो साल्तादो' हा जिथेतिथे मिळणारा लाडका पदार्थ बीफचा, आणि 'आन्तिकुचो' म्हणजे सहसा बैलाचं हृदय सळईवर भाजलेलं. वास इतका खमंग येतो की माणूस विचारायचं विसरतो. 'कुय' म्हणजे गिनीपिग. तो चुकून ताटात येत नाही, मागवावाच लागतो.

शेंगदाणे-अक्रोडाची अ‍ॅलर्जी असेल तर 'आही दे गायिना'पासून जपा. त्या कोंबडीच्या पिवळ्या रश्शाला दाटपणा ब्रेड आणि सुक्यामेव्यानेच येतो.

सहावी पायरी: पेयं

पिस्को, म्हणजे इथली द्राक्षांची दारू, आणि लिंबाचं पिस्को सावर घेतल्याशिवाय इथे कुठलाच समारंभ होत नाही. पण त्यावरचा तो पांढरा फेस कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याचा असतो, हे अंडं न खाणाऱ्यांना कोणी सांगत नाही. त्यांनी 'चिल्कानो' मागवावं: पिस्को, जिंजर एल, लिंबू. हलकंही असतं. दारू न घेणाऱ्यांना 'चिचा मोरादा' द्या, जांभळ्या मक्याचं अननसाची साल, दालचिनी, लवंग घालून उकळलेलं थंड सरबत. मुलांना ते आवडतंच. 'चिचा दे होरा' मात्र आंबवलेली असते, नावाच्या सारखेपणावर जाऊ नका.

देगुस्तासिओनबरोबर 'मारिदाखे' घेणार का विचारतील, म्हणजे प्रत्येक पदार्थाला जोडीचं पेय. त्याची किंमत जेवणाच्या निम्म्याहून जास्त असू शकते. बिनदारूचा मारिदाखेही मिळतो, आणि माझ्या मते तोच जास्त मजेशीर: जंगलातली फळं, मुळं, पानं यांचे असे रस दुसरीकडे चाखायला मिळत नाहीत. दोघांत एक घेऊन वाटून प्यायलात तरी कोणी भुवया उंचावत नाही.

पाणी बाटलीचंच येतं आणि त्याचे पैसे लागतात. नळाचं इथे पीत नाहीत.

सातवी पायरी: कपडे, बिल, परतीची गाडी

कोट-टायची सक्ती जवळपास कुठेच नाही. इस्त्रीचा शर्ट, बूट, किंवा साधी रेशमी साडी नेसलीत तर कौतुकच होईल. हाफपँट आणि चपला नकोत. हिवाळ्यात लिमाचं तापमान पंधरा अंशांच्या आसपास असतं, पण हवेतला ओलावा हाडात शिरतो, तेव्हा व्हरांड्यात बसणार असाल तर शाल घ्या.

बिलावर सहसा १८ टक्के कर आणि बहुधा १० टक्के सेवाशुल्क वेगळं दाखवलेलं दिसेल. घाबरू नका, कार्तावरच्या किमतीत दोन्ही आधीच धरलेले असतात. सेवाशुल्क नसेल तर दहा टक्के टीप ठेवायची पद्धत आहे. असेल तर वर काय ठेवायचं ते तुमच्या मनावर. कार्ड चालवताना यंत्र 'क्वोतास' म्हणजे हप्ते विचारतं, तिथे 'सिन क्वोतास' म्हणा. डॉलर की सोल असं विचारलं तर सोल सांगा. आणि ऑफिसच्या खर्चाचं जेवण असेल तर पैसे देण्याआधीच 'फाक्तूरा', म्हणजे कंपनीच्या नावाचं बिल, मागा आणि कंपनीचा करक्रमांक तयार ठेवा. एकदा साधी 'बोलेता', म्हणजे पावती, छापली गेली की ती बदलून घेताना मॅनेजर, कॅशियर आणि तुम्ही असे तिघेही वैतागता.

गाडी अ‍ॅपवरूनच बोलवा, आणि आत बसून. नंबर जुळल्याशिवाय फुटपाथवर फोन हातात धरून उभं राहू नका. मिराफ्लोरेस-बारांकोतही मोटरसायकलवरून फोन हिसकावून नेतात. दारावरच्या माणसाला गाडीचा नंबर दाखवलात तर तो स्वतः बाहेर जाऊन बघून येतो आणि ज्येष्ठांना हात धरून गाडीत बसवतो. त्याच्यासाठी खिशात चार-पाच सोलची नाणी ठेवा.